आल्तारावरचे संत आणि चुलीपाशीचे



धर्मग्रामातील घरांना भेटी देत असता धर्मगुरूस जे शिकावयास मिळते, ते सेमिनरीच्या ग्रंथालयात मिळतेच असे नाही. काही दिवसांपूर्वी मी एका घरी आजाऱ्यास पवित्र कोमन्य घेऊन गेलो होतो. घरात एक वृद्धा अकरा वर्षांपासून अंथरुणास खिळलेल्या आहेत, आणि त्यांची सून, वयाने साठीच्या जवळ आलेली, त्यांची सर्व सेवा करते. अंघोळ, जेवण, औषध, रात्रीची उठबस, सर्व काही. प्रार्थना आटोपल्यावर निघता निघता मी सहज म्हणालो, "मावशी, तुम्ही हे जे करता आहा ना, यालाच संतपण म्हणतात."

त्या हसल्या नाहीत. पदर सावरीत म्हणाल्या, "फादर, अशी थट्टा करू नये. संत आल्तारावर असतात. आम्ही चुलीपाशीची माणसं. रात्री तिसऱ्यांदा हाक आली की माझ्या तोंडून काय शब्द जातात ते तुम्ही ऐकले नाहीत." थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, "आणि गेल्या वर्षी प्रवचनात तुम्हीच सांगितलं होतं की, आपण काही संत नव्हे, चुका व्हायच्याच. ते वाक्य माझ्या ध्यानात आहे. मला त्याचा फार आधार वाटला."

मी निरुत्तर झालो. ते वाक्य मी उच्चारले होते हे खरे. लोकांची मने हलकी व्हावीत या हेतूने उच्चारले होते, हेही खरे. परंतु घरी परतताना ते माझ्या मनास बोचू लागले. ज्या वाक्याचा या माउलीस आधार वाटला, त्याच वाक्याने मी तिला एका फार मोठ्या गोष्टीपासून दूर तर ठेवले नाही ना? त्या रात्री मी पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभेचा इतिहास पुन्हा उघडून बसलो. जे आढळले ते त्या बाईंच्या परवानगीने आज आपणांपुढे ठेवीत आहे. हे माझ्या त्या प्रवचनाचे दुरुस्तीपत्रक आहे असे समजावे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. आपण मराठीत "संत" म्हणतो. हा शब्द संस्कृत "सत्" या शब्दापासून आला. जे आहे, जे खरे आहे, जे चांगले आहे, ते सत्, आणि तसे जे जन ते संत. लॅटिन भाषेतील "सांक्तुस" हा शब्द कानास याच्यासारखाच लागतो, परंतु त्याचे मूळ निराळे. देवासाठी राखून ठेवलेले, देवाच्या नावे मुक्रर केलेले, असा त्याचा अर्थ. गोव्याकडील आपल्या बांधवांच्या तोंडी असलेला "सांत" हा शब्द त्या लॅटिन घराण्यातील, पोर्तुगीज भाषेच्या वाटेने आलेला. दोन भिन्न नद्या आपल्या अंगणात येऊन अशा मिळाल्या आहेत की, एकीचे पाणी कोणते आणि दुसरीचे कोणते हे कळू नये.

मराठी माणसाने तर संतपणास आपल्या आवाक्याबाहेरचे समजण्याचे मुळीच कारण नाही. आपल्या भाषेने ज्यांना संत म्हटले त्यांची नावेच पाहा. नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, आणि देहूस दुकान चालविणारे तुकोबा. त्यांचा धर्म व आपला धर्म यांतील भेद मी विसरलेलो नाही. परंतु संत म्हणजे संसार आणि धंदा टाकून गेलेला मनुष्य, ही समजूत मराठी भाषेने आपणांस शिकविलेली नाही, एवढे मात्र निश्चित. मग ती आपल्या मनात आली कोठून?

ती प्रेषितांच्या काळापासून आलेली नाही, हे तर अगदी स्पष्ट आहे. संत पौल आपल्या पत्रांत ज्यांना "पवित्र जन" म्हणतो, ते कोणी निवडक महात्मे नव्हेत. ग्रीक मुळात तेथे "हागिओई" हा शब्द आहे, आणि त्याच्यामागे इब्री भाषेतील "कादोश" उभा आहे: वेगळे काढलेले, देवाच्या मालकीचे. यरुशलेमच्या मंदिरातील भांडी याच अर्थाने पवित्र होती. ती सोन्याची होती म्हणून नव्हे, तर देवाच्या सेवेस लावली होती म्हणून. पौलाने हा शब्द स्नानसंस्कार झालेल्या सर्वच माणसांस लाविला. फिलिप्पै येथील मंडळीस लिहिताना तो प्रथम तेथील सर्व पवित्र जनांस नमस्कार करतो, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या अध्यक्षांस व सेवकांस. त्याच पत्राच्या अखेरीस कैसराच्या घरातील पवित्र जनांचा सलाम तो पोहोचवितो. आणि यरुशलेमच्या पवित्र जनांसाठी जेव्हा तो गावोगावच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा करतो, तेव्हा ती त्यांच्या मूर्तींसाठी किंवा समयांसाठी नसते. त्या संतांपैकी जे दरिद्री होते, त्यांच्या पोटासाठी ती असते. ख्रिस्तसभेच्या पहिल्या पिढीत संतांना भूक लागत असे, हे आपण ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, ती पहिली पिढी मोठ्या उत्साहाची. त्यांना हा शब्द शोभत असेल. तसे म्हणणाऱ्याने करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र वाचावे. हे पत्र पौलाने सुमारे सन ५४-५५ च्या वेळी इफिस येथून लिहिले. आरंभीच तो त्या लोकांना पवित्र होण्यास पाचारण झालेले असे संबोधितो. आणि पुढे? पुढे सगळे रागे भरणेच आहे. मंडळीत तट पडले आहेत. भाऊ भावास कोर्टात खेचीत आहे. प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत आधी खाऊन पिऊन तर्र होतात आणि गरीब उपाशी बसून राहतो. एक दुराचार तर असा की, परधर्मीयांनाही त्याची लाज वाटावी. तरी पौल त्यांचे नाव पवित्रांच्या यादीतून काढीत नाही. उलट, ते नाव त्यांना लागले आहे म्हणूनच तो इतका संतापतो. परक्याच्या मुलाने चूक केली तर आपण मान वळवून पुढे जातो. स्वतःच्या मुलाने केली तर त्याला हाताला धरून उभे करतो.

येथे माझ्या प्रवचनातील चूक मला प्रथम दिसली. "आपण काही संत नव्हे, म्हणून चुका व्हायच्याच," असे मी म्हणालो होतो. "आपणांस संत म्हटले आहे, म्हणून या चुका आपणांस शोभत नाहीत," असे पौल म्हणतो. माझ्या वाक्याने मनुष्य निजतो. पौलाच्या वाक्याने तो उठतो.

आता, "संत" हे नाव पुढे काही थोड्या जणांपुरते कसे राहिले, तो इतिहासही पाहू. छळाच्या काळात ज्यांनी प्राण दिले, त्यांना ग्रीक भाषेत "मार्तुस" म्हणजे साक्षीदार म्हणत. आपण त्यांना रक्तसाक्षी म्हणतो. सुमारे सन १५५ मध्ये स्मिर्ना नगराचा वृद्ध बिशप पॉलिकार्प यास जाळण्यात आले. ख्रिस्ताची शपथपूर्वक निंदा कर, म्हणजे सोडतो, असे त्यास सांगण्यात आले होते. ८६ वर्षे ज्याची सेवा केली आणि ज्याने माझे काही वाईट केले नाही, त्या राजाची निंदा कशी करू, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. स्मिर्नाच्या ख्रिस्तसभेने या घटनेचे जे पत्र लिहिले ते आजही उपलब्ध आहे. त्याच्या अस्थी आम्ही रत्नांहून मोलाच्या मानून गोळा केल्या, योग्य जागी ठेविल्या, आणि त्याच्या हौतात्म्याचा दिवस जन्मदिवस म्हणून तेथे जमून आम्ही पाळू, असा त्यातील आशय आहे. भक्ती आम्ही देवपुत्राचीच करतो. रक्तसाक्षींवर प्रभूचे शिष्य म्हणून प्रेम करतो, हेही त्याच पत्रात स्पष्ट केले आहे. संतांच्या सन्मानाविषयी आपल्या कॅथलिक शिकवणुकीचा गाभा या एका पत्रात दुसऱ्या शतकातच सापडतो.

हे रक्तसाक्षी कोण होते? पॉलिकार्पसारखे बिशप त्यांत होते. परंतु सन १७७ मध्ये लिऑन येथे जिच्या धैर्याने सर्वांस आश्चर्यचकित केले, ती ब्लांदिना एक दासी होती. ७ मार्च २०३ रोजी कार्थेज येथे ज्यांना रिंगणात उभे केले, त्यांत पर्पेतुआ ही सुमारे बावीस वर्षांची, अंगावर पिणारे मूल असलेली तरुण स्त्री होती. आणि फेलिसिता ही दासी, जी तुरुंगात थोड्याच दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. पर्पेतुआने तुरुंगात लिहिलेली हकीकत आपणांपर्यंत पोहोचली आहे, आणि त्यात बाळाच्या दुधाची काळजी आहे, वृद्ध पित्याचे अश्रू आहेत. मिस्साबलीच्या प्राचीन रोमी प्रार्थनेत या दोघींची नावे आजही घेतली जातात. आल्तारावर उच्चारली जाणारी ही नावे एका काळी घरात, पाळण्यापाशी, धन्याच्या कामात वावरणाऱ्या बायकांची होती. आल्तार आणि चूल यांच्यामध्ये आपण जी भिंत उभारतो, ती त्या काळच्या ख्रिस्तसभेस ठाऊक नव्हती.

सन ३१३ नंतर रोमी साम्राज्यात ख्रिस्ती धर्मास मोकळीक मिळाली, आणि प्राण देण्याचे प्रसंग विरळ झाले. तेव्हा लोकांना उमगले की, एका क्षणात मान देणे ही जशी साक्ष, तशीच आयुष्यभर कणाकणाने झिजणे हीही साक्षच. मिसरच्या वाळवंटातील अंतोनी सन ३५६ मध्ये, आणि तूरचा बिशप मार्टिन सन ३९७ मध्ये, दोघेही मरण पावले ते तलवारीने नव्हे. तरी लोकांनी त्यांना रक्तसाक्षींच्या पंक्तीत बसविले.

अर्थात जेथे प्रेम आले तेथे अतिरेकही आला. संत ऑगस्टीन आपल्या आईची एक आठवण सांगतो. आफ्रिकेत असता मोनिका रक्तसाक्षींच्या कबरींवर भात-पेजेसारखा पदार्थ, भाकर आणि द्राक्षारस घेऊन जात असे. मिलान येथेही ती तशीच निघाली, तो द्वारपालाने तिला अडविले. बिशप अंब्रोज यांनी ही प्रथा बंद केली होती; कारण तिच्या निमित्ताने काही जण दारू पिण्याची हौस भागवून घेत. मोनिका रुसली नाही. तिने टोपली घरी ठेविली, कबरीपाशी केवळ प्रार्थना घेऊन जाऊ लागली, आणि अन्न गरिबांस दिले. आपल्यापैकी जे नवस बोलतात त्यांनी या टोपलीचा विचार करावा. संत अंतोनीपुढे मेणबत्ती लावणे उत्तमच. परंतु शेजारी बसलेल्या सख्ख्या भावाशी बांधाच्या वादावरून सहा वर्षे बोलणे नाही, आणि मेणबत्त्या मात्र दर मंगळवारी चालू, असे ज्यांच्या घरी आहे, त्यांची टोपली कोणत्या दाराशी अडेल हे मी सांगावयास नको.

पूर्वी एखाद्यास संत म्हणून मान देण्याचा प्रारंभ लोकांच्या भक्तीतून होई, आणि त्या त्या ठिकाणचा बिशप त्यास मान्यता देई. पोप महाशयांनी विधिपूर्वक संतपद घोषित केल्याचे पहिले लेखी उदाहरण सन ९९३ चे. आउग्सबुर्गचे बिशप उलरिक यांना पोप पंधरावे जॉन यांनी संत घोषित केले. सन १२३४ च्या धर्मविधानात हा अधिकार पोप महाशयांकडेच राखण्यात आला. सन १५८८ मध्ये रोममध्ये नेमलेल्या एका मंडळाकडे हे कामही सोपविले गेले, सन १६३४ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी नियम अधिक कडक केले, आणि सन १९८३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी संपूर्ण पद्धतीची पुनर्रचना केली. आज साधारणतः मृत्यूनंतर पाच वर्षे गेल्याशिवाय चौकशी सुरू होत नाही. त्या व्यक्तीचे लेखन तपासले जाते, साक्षी घेतल्या जातात. रक्तसाक्षी नसेल तर "धन्य" म्हणून घोषित होण्यापूर्वी एक चमत्कार, आणि संतपदासाठी त्यानंतर घडलेला आणखी एक, असा सर्वसाधारण नियम आहे.

या कारभारास किती काळ लागतो ते आपल्या जवळच्या दोन उदाहरणांवरून दिसेल. वसईचे गोन्सालो गार्सिया हे आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन बंधू. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मारले. सन १६२७ मध्ये ते धन्य, आणि ८ जून १८६२ रोजी संत घोषित झाले. गोव्याच्या बाणावलीत २१ एप्रिल १६५१ रोजी जन्मलेले जोसेफ वाझ हे डचांच्या अमलात धर्मगुरूविना राहिलेल्या श्रीलंकेच्या ख्रिस्ती जनांसाठी वेष पालटून तेथे गेले, आणि १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेविला. संतपदाची घोषणा झाली १४ जानेवारी २०१५ रोजी, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांनी.

आता मी विचारतो, १८६२ पूर्वी गोन्सालो गार्सिया संत नव्हते काय? ७ जून रोजी नव्हते आणि ८ जून रोजी झाले, असे कोणी म्हणेल काय? ख्रिस्तसभा संत घडवीत नाही. देवाच्या कृपेने जो घडला त्याला ती ओळखते, आणि बोट दाखवून आपणांस सांगते, "हा निःसंशय प्रभूपाशी आहे, याच्याकडे पाहून चाला." सोनाराने कसास लावले म्हणून सोने सोने होत नाही, आणि जे त्याच्या दुकानापर्यंत कधी आलेच नाही, ते पितळ ठरत नाही.

जे दुकानापर्यंत आले नाहीत त्यांच्यासाठीच तर १ नोव्हेंबरचा सण आहे. १३ मे ६०९ रोजी पोप चौथे बॉनिफेस यांनी रोममधील पँथिऑन हे पूर्वीचे देवालय पवित्र मरिया आणि सर्व रक्तसाक्षी यांच्या नावे अर्पण केले. नवव्या शतकापर्यंत पश्चिमेकडे सर्व संतांच्या सणाची १ नोव्हेंबर ही तिथी रूढ झाली. ज्यांचे नाव कोणत्याही पंचांगात नाही, ज्यांची मूर्ती नाही, ज्यांच्या नावे नोव्हेना नाही, त्यांचा हा सण. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सन १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या महत्त्वाच्या घटनापत्रात एक संपूर्ण प्रकरण, पाचवे, याच विषयास वाहिले: पवित्रतेचे पाचारण सर्वांस आहे. पतिपत्नी, विधवा, मजूर, आजारी, या सर्वांचा तेथे उल्लेख आहे. परिषदेने नवे असे काही सांगितले नाही. तिने पौलाच्या पत्रावरील धूळ पुसली.

हे सर्व मनाशी जुळवून पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या घरी गेलो. म्हणालो, "मावशी, गेल्या वर्षीचे माझे ते वाक्य विसरा. ते चुकीचे होते." मग करिंथच्या लोकांची हकीकत त्यांना सांगितली, ते किती भांडत, आणि तरी पौलाने त्यांना काय म्हटले. स्नानसंस्काराच्या दिवशी तुमच्या माथ्यास तेल लाविले, त्या दिवसापासून तुम्ही देवाच्या मालकीच्या आहा, असेही सांगितले. त्या लक्षपूर्वक ऐकत होत्या. माझी अपेक्षा होती की, त्यांचा चेहरा उजळेल. परंतु त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिले आणि हळूच विचारले, "म्हणजे, फादर, सासूबाईसुद्धा?"

वाचकहो, हा प्रश्न माझ्या ध्यानात आला नव्हता. त्या वृद्धा स्वभावाने कडक आहेत, हे सगळ्या गल्लीस ठाऊक. पेला भिरकावतात, सुनेस नावे ठेवतात, अकरा वर्षांत एकदाही बरे म्हटलेले कोणी ऐकलेले नाही. स्वतःस पवित्र मानणे एक वेळ सोपे. जो आपणांस छळतो त्याच्या माथ्यावरही तेच तेल आहे हे मानणे कठीण. मी म्हणालो, "होय मावशी. त्यांनासुद्धा."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग उठता उठता म्हणाल्या, "तसं असेल तर रात्रीच्या त्या शब्दांचं काहीतरी करायला हवं." आणि आत हाक आली म्हणून गेल्या.

माझ्या सबंध प्रवचनाचा याहून चांगला उपसंहार मला सुचला नसता. आपणांस संत म्हटले आहे हे कळल्याने त्या बाईंस गर्व झाला नाही. त्यांना आपली एक चूक दिसली, आणि ती सुधारावी असे वाटले. हे पाचारण खरे आहे की नाही, याची यापेक्षा दुसरी कसोटी मला तरी माहीत नाही.

येत्या सर्व संतांच्या सणास आपण देवळात संतांची प्रार्थनामाला म्हणू. ती म्हणत असता आपल्या घरातून निवर्तलेल्या एखाद्या साध्या माणसाचे नाव मनात घ्या. दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबर रोजी, त्याच्या कबरीवर मेणबत्ती लावताना त्याच्यासाठी प्रार्थनाही करा. आणि देवळातून परत जाताना, ज्या एका माणसास पवित्र म्हणणे आपल्या जिभेवर येत नाही, त्याच्या दाराशी क्षणभर थांबा. बोलण्यास शब्द सापडले तर बोला. न सापडले, तर निदान जो वाईट शब्द नेहमी तोंडी येतो, तो त्या दिवशी गिळून टाका.

प्रभू येशू आपणां सर्वांस, आणि या लेखकास, तेवढे बळ देवो.

आपला,
धर्मगुरू